दोन बोटं खाली

मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल,
म्हणून गाव तिला मेंढा म्हणतं.
विद्यापीठाच्या शर्यतीसाठी नागपुरात
एका रेल्वेवाल्याच्या पोराकडून घेतली,
तेव्हाच ती जुनी होती.
त्याला चोवीस वर्षं झाली.

आता पुढचं चाक आठ काढतं.
मागचे दोनच गिअर लागतात, तेही मनात आलं तर.
आणि नागभीडचा रस्ता सिमेंटचा झाल्यापासून
दर चार मीटरला एक सांधा,
दर सांध्याला मनगटात एक टक्.
माझ्याकडे अंगणवाड्या सतरा.
हिशेब करून पाहा.

भाचा म्हणतो, आत्या, दे भंगारात.
सत्तावीस रुपये किलो. मेंढा भरेल साडेअकरा.
मग मोबाईल पुढे करतो :
जाड टायर, डिस्क ब्रेक, अडतीस हजार, हप्त्यानं.
फोटोतल्या सायकलीमागे बर्फाचा डोंगर.
आमच्याकडे धानाच्या बांध्या
आणि वनखात्याची पाटी,
सहाच्या आत या रस्त्यानं जाऊ नये, वाघाचा वावर आहे.
डिस्क ब्रेकनं वाघापुढे थांबता येईल, हे खरं.

अर्धी नवी करावी, असंही एक मन.
चाकं, गिअर, ब्रेक मिळून चौदा हजार.
पण जाड टायर हिच्या चिमट्यात शिरत नाही,
अगरबत्ती जाईल एवढीच फट.
म्हणजे चौदा हजार मोजून
टक् तेच राहणार.

मुखरू मिस्त्रीनं तिला उलटी टांगली,
नखानं सांगाडा वाजवून पाहिला,
कान लावला. टरबूज घेताना लावतात तसा.
"लोखंड अस्सल हाये जी बाई.
पण सीटचा पाईप गंजून बसला आत.
हा निघला तर सांगतो काय कराचं.
नाही निघला तर माहा चहा तुमच्याकडे."

मला माहीत होतं तो बसलाय.
एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मापानं बसलाय,
जिला कंबर दुखते म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं.
सिग्नलला, फाटकाला, गुरं आडवी आली की
सीटवरून उतरूनच उभं राहावं लागे,
आणि मला वाटे, सगळ्यांनाच लागतं.

तीन दिवस रॉकेल पाजलं.
एक दिवस नवसागराचं पाणी.
चौथ्या दिवशी त्यानं पाईपच शिकंज्यात आवळला
आणि आख्खा सांगाडा धरून
घाण्याच्या बैलासारखा फिरू लागला.
मी दुसऱ्या बाजूनं. साडी खोचून.
समोरच्या पानठेल्यावरचे बोलायचे थांबले.

डुक्कर ओरडावं तशी ती ओरडली.
मग सुटली.
पाईपातून पांढरी भुकटी सांडली, राखेसारखी,
आणि वर एक काळी रेघ,
चोवीस वर्षं जिथं तो पकडून होता तिथं.
मी बोटानं पुसली. गेली नाही.

"किती ठेवू?" मुखरू म्हणाला.
मी म्हटलं, दोन बोटं खाली.
"मंग रेघ आत जाते."
जाऊ दे.

दोन ट्यूब, ब्रेकचे रबर, तारा, चेन,
चाकाची आठ काढण्याचे वेगळे.
एक हजार चाळीस. चाळीस त्यानं सोडले,
चहा मीच पाजला.
बाकीचे गिअर? ते तो म्हणाला पाहू दिवाळीनंतर,
आणि भाच्याला मी काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही. तो हप्ता वाईट नव्हता.

परतताना फाटक बंद.
मालगाडी लांब होती, कोळशाची.
मी ब्रेक दाबला, उतरायला पाय उचलला,
आणि बसल्या बसल्याच
चवडा जमिनीला लागला.

डबे मोजत तशीच बसून राहिले.
फाटक उघडलं. पुढे सिमेंट.
टक्.